हाताने बनवलेलं फर्निचर घेऊन पहिल्यांदा प्रदर्शनात जाताना

प्रदर्शनात स्टॉल लावायचा म्हटलं की डोळ्यासमोर दागिने, कुर्ते, मसाले असलेच स्टॉल येतात, आणि सल्ला देणारेही बहुतेक तेच लोक असतात. त्यांचं काही चुकीचं नसतं पण फर्निचरला ते लागू पडत नाही. कानातलं घेणारी बाई तिथल्या तिथे घालून जाते. टेबल घेणारा माणूस आधी घरी जाऊन भिंत मोजतो, घरच्यांना फोटो दाखवतो, दुकानात जाऊन किंमत बघून येतो आणि मग आठ-दहा दिवसांनी फोन करतो. म्हणून फर्निचरच्या स्टॉलची सगळी तयारी त्या फोनसाठी करायची असते, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे निर्णय आपोआप सोपे होतात.

माझं पुण्यात धायरीला छोटं वर्कशॉप आहे, मी आणि दोन मिस्त्री, सागवान आणि आंब्याच्या लाकडात काम करतो. नऊ वर्षं झाली, वर्षाला चार-पाच प्रदर्शनं करते. पहिल्या वेळेला मी सहा खुर्च्यांचं डायनिंग, एक दोन दारांचं कपाट आणि एक दिवाण असं सगळं घेऊन गेले होते. दहा बाय दहाचा स्टॉल त्यातच भरला, आत पाय ठेवायला जागा नाही, लोक बाहेरूनच "छान आहे हो" म्हणायचे आणि पुढे जायचे. तीन दिवसांत फक्त एक चौरंग गेला. खाली जे लिहिलंय ते त्या तीन दिवसांपासून आजपर्यंत शिकत आलेलं आहे.

प्रदर्शन कुठलं निवडायचं

आधी ग्राहक म्हणून फिरून या. ज्या प्रदर्शनात स्टॉल घ्यायचाय तिथे आदल्या वर्षी नुसतं जाऊन दोन तास उभं राहायचं आणि लोकांच्या हातातल्या पिशव्या बघायच्या. सगळ्यांच्या हातात खाऊच्या आणि दोनशे-तीनशेच्या वस्तूंच्या पिशव्या असतील तर तिथे तुमचं पंधरा हजारांचं टेबल चालणार नाही, गर्दी कितीही असू दे. गर्दी आणि गिऱ्हाईक यात फरक असतो. मला स्वतःला पुण्यात कर्वे रोड, म्हात्रे पुलाच्या बाजूच्या हॉल आणि लॉन्सवरची प्रदर्शनं बरी पडली कारण आसपास घरं जुनी आहेत, रिनोव्हेशन चालू असतात आणि लोक आईवडिलांना घेऊन निवांत येतात.

मोठ्यांपैकी मुंबईचा काळा घोडा महोत्सव आहे, १९९९ पासून साधारण फेब्रुवारीत भरतो, तिथे स्टॉल निवडून देतात त्यामुळे फोटो चांगले लागतात आणि अर्ज बराच आधी करावा लागतो. दिल्लीचं दिल्ली हाट १९९४ पासून आहे, तिथे कारागिरांना पंधरा-पंधरा दिवस आळीपाळीने गाळे मिळतात. हरियाणातला सूरजकुंड मेळा १९८७ पासून फेब्रुवारीत होतो. महालक्ष्मी सरस हे बचत गटांचं प्रदर्शन आहे, तुम्ही एखाद्या गटात असाल तरच तिकडे बघा. पण खरं सांगू का, पहिल्या दोन वर्षांत यातलं काहीच करू नका. परगावी फर्निचर नेणं, न विकलेलं परत आणणं आणि ऑर्डर आली तर ती पोचवणं हे सगळं मिळून खर्च फार होतो. घरापासून वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतलं प्रदर्शन धरा म्हणजे मोजमाप घ्यायला स्वतः जाता येईल.

मोठ्या सोसायट्यांमध्ये दिवाळीआधी शनिवार-रविवारचे मेळे होतात ते सुरुवातीला खूप चांगले. स्टॉलचं भाडं कमी आणि सगळ्या फ्लॅटचा नकाशा एकच असतो, एका घरात शू-रॅक बसला की शेजारच्याला माप न घेता सांगता येतं.

तारखा बघताना पंचांग बघा. पितृपक्षात लोक बघतात पण पैसे देत नाहीत. गणपतीच्या आधी पाट-चौरंग-देव्हारे, दसरा-दिवाळीला मोठ्या वस्तू, गुढीपाडवा आणि अक्षय तृतीयेला पुन्हा एक लाट येते. जून ते ऑगस्ट उघड्या मैदानावरचं प्रदर्शन फर्निचरवाल्याने घेऊच नये, मंडप कितीही वॉटरप्रूफ म्हणाले तरी.

पैसे भरण्याआधी आयोजकांकडून या गोष्टी लेखी किंवा निदान व्हॉट्सअॅपवर घ्या: स्टॉलचा नंबर नकाशावर दाखवून, स्टॉलचं आतलं माप, लाइट किती आणि प्लग किती अँपिअरचा, सामान आणायची वेळ, टेम्पो दारापर्यंत येतो का, लिफ्ट आहे का, रात्री वॉचमन असतो का. एका ठिकाणी मला दहा बाय दहा सांगून जो स्टॉल दिला त्याच्या बरोबर मध्ये खांब होता आणि पैसे परत मागितले तर "नकाशात होता की" असं उत्तर मिळालं. नकाशा मला कधी दाखवलाच नव्हता. तेव्हापासून मी नकाशावर स्वतःच्या हाताने फुली मारून तो फोटो त्यांना पाठवते आणि ओके आलं की मगच पैसे भरते.

कागदपत्रं, एकदाच करून टाका

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद, ऑनलाइन होते आणि सरकारी साइटवर तिला एक रुपयाही लागत नाही, एजंट हजार-दोन हजार घेतात ते देऊ नका. हस्तकला कारागिरांसाठी केंद्राचं पहचान कार्ड असतं, सरकारी मेळ्यांमध्ये ते विचारतात. घरात परंपरेने सुतारकाम असेल, हाताच्या हत्यारांनी काम करत असाल तर पीएम विश्वकर्मा योजना बघा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ व्यवसायांत सुतार आहेत. ट्रेनिंगच्या दिवसांचे रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० पर्यंतचं व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडलं की २ लाखांपर्यंत कर्ज. एका कुटुंबात एकालाच मिळतं.

जीएसटीचं असं आहे की फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. लाकडी फर्निचरला १८ टक्के लागतो, त्यामुळे नोंदणी असेल तर किंमत सांगताना टॅक्स धरून सांगा, बिलाच्या वेळी १८ टक्के वाढवले की माणूस दुखावतो आणि त्यात त्याची काही चूक नसते. नोंदणी असलेल्याने दुसऱ्या राज्यात जाऊन स्टॉल लावायचा तर तिथली तात्पुरती नोंदणी काढावी लागते आणि तो अर्ज किमान ५ दिवस आधी करायचा असतो. या बाबतीत सीएला एकदा पाचशे-हजार देऊन नीट विचारून घ्या.

काय घेऊन जायचं

दहा बाय दहाच्या स्टॉलला मोठ्या वस्तू तीन, फार तर चार. बास. त्यातली एक अशी पाहिजे की जिच्यावर बसता येतं आणि ती पुढे, पॅसेजच्या कडेला ठेवायची. प्रदर्शनात फिरून लोकांचे पाय दुखतात, खुर्ची दिसली की बसतात, बसले की हात आपोआप खुर्चीच्या हातावर फिरतो आणि मग प्रश्न येतो, "कुठलं लाकूड?" माझ्या निम्म्या ऑर्डरींची सुरुवात या एका प्रश्नाने झालेली आहे. "बसू नये" अशी पाटी लावणारे फर्निचरवाले मी पाहिलेत, मला ते समजतच नाही. जी खुर्ची दोनशे माणसं बसल्यावर हलायला लागते ती विकायचीच कशाला.

बाकी दहा-पंधरा लहान वस्तू हातात घेऊन जाण्याजोग्या न्या. चौरंग, पाट, पोळपाट, घडीचं स्टूल, मोबाइल स्टँड, चहाचा ट्रे. यातून स्टॉलचं भाडं निघतं, आणि दुसरं म्हणजे ज्याच्या घरी तुमचा पोळपाट रोज वापरात आहे तो वर्षाने बेडसाठी तुम्हालाच फोन करतो. पण या लहान वस्तूंचं फिनिशिंग मोठ्या वस्तूंइतकंच झालं पाहिजे. उरलेल्या तुकड्यांतून घाईने केलेला मोबाइल स्टँड हा तुमच्या कामाचा नमुना म्हणून लोकांच्या घरी जातो, हे विसरू नका. आणि पोळपाटाला पीयू किंवा मेलामाइन असली रासायनिक पॉलिश मारू नका, नुसतं खाण्याचं तेल नाहीतर मधमाशीचं मेण.

मोठ्या वस्तू खोलता येणाऱ्या करा. टेबलाचे पाय बोल्टवर, बेडच्या बाजू हुकावर. हे नुसतं टेम्पोसाठी नाही, ग्राहकाच्या लिफ्टसाठी आहे. सहा माणसांच्या लिफ्टमध्ये अखंड सहा फुटी बेंच आडवा जातच नाही, उभा केला तर कधी जातो कधी नाही, आणि मग चौथ्या मजल्यापर्यंत जिन्यातून, प्रत्येक वळणावर भिंतीला घासत.

मापांचं एक. बाजारातली खुर्ची बसायला साधारण १७-१८ इंच असते, टेबल २९-३० इंच. पण प्रदर्शनात दुपारी जे येतात त्यात वयस्कर मंडळी खूप असतात, कोणाचे गुडघे दुखत असतात त्यांना १९-२० इंच पाहिजे, आणि ज्यांची उंची कमी त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत त्यांना १५-१६. दुकानातली खुर्ची हे करू शकत नाही, तुम्ही करू शकता. "तुमच्या उंचीप्रमाणे करून मिळेल" हे मोठ्या अक्षरात मराठीत लिहून स्टॉलवर लावा. मी सांगते, डिस्काउंटच्या पाटीपेक्षा या पाटीने जास्त लोक थांबतात.

लाकूड सुकलेलं पाहिजे, यात तडजोड नको

तिसऱ्या की चौथ्या प्रदर्शनाची गोष्ट. ऑगस्टमध्ये सागवानाचं एक कॉफी टेबल केलं, वरची फळी खालच्या फ्रेमला फेव्हिकॉल आणि स्क्रू मारून पक्की. ऑक्टोबरमध्ये एसी हॉलमध्ये स्टॉल, टेबलाच्या बरोबर वर आयोजकांचे दोन हॅलोजन. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा खात होते आणि टक् असा आवाज झाला, सुपारी फोडल्यासारखा. बघते तर फळीच्या टोकापासून आत पाच इंच चीर, केसाएवढी पण सरळ. समोर एक जोडपं उभं होतं, त्यांनीही ऐकला आवाज.

कारण सरळ आहे. पावसाळ्यात लाकडाने हवेतलं पाणी धरलेलं असतं, कोरड्या गरम हवेत ते सुटतं आणि फळी रुंदीत आक्रसते. लांबीत जवळजवळ काहीच होत नाही, सगळं रुंदीत. तिला आक्रसायला मोकळीक नसेल तर ती फाटते. म्हणून फळीला फ्रेमवर चिकटवायचं नाही, लांबट भोकं पाडून त्यातून स्क्रू घ्यायचे नाहीतर खाच करून लाकडी गुटके बसवायचे म्हणजे फळी सरकते. आणि ओलावा मोजायचं मीटर घ्या, हजार-दोन हजारांत येतं, पुण्याच्या हवेला घरातल्या वस्तूसाठी मी १२ टक्क्यांच्या वर लाकूड हातात घेतच नाही. कोकणात बनवून पुण्या-मुंबईच्या एसी हॉलमध्ये आणणाऱ्यांनी तर हे फारच सांभाळा. प्रदर्शनाचा माल मी पावसाळ्याआधीच कापून, रंधा मारून, थप्पी लावून ठेवते, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशी.

पॉलिश निदान दहा दिवस आधी झालं पाहिजे. बंद हॉलमध्ये ताज्या मेलामाइनचा वास आला की लहान मुलं असलेले आईबाप लगेच मागे सरकतात. तेल-मेणाचं फिनिश करत असाल तर आणखी एक गोष्ट, आणि ही मनावर घ्या: जवसाच्या तेलाचा बोळा चुरगळून पिशवीत किंवा खोक्यात ठेवू नका. ते तेल वाळताना गरम होतं आणि बोळा स्वतःहून पेट घेऊ शकतो. स्टॉलवर टचअपसाठी आपण तेल आणि फडकं नेतोच, ते फडकं काम झालं की मोकळं पसरून वाळवायचं नाहीतर पाण्याच्या डब्यात टाकायचं. कापडी मंडप, लाकूड, रात्री बंद हॉल, विचार करा.

किंमत

इथे नवीन लोक सगळ्यात जास्त फसतात कारण स्टॉलचा खर्च किमतीत धरतच नाहीत. एक उदाहरण देते, आकडे तुमच्या भावाप्रमाणे बदला. साडेतीन फूट बाय पावणेदोन फुटाचं सागवानी कॉफी टेबल. तयार टेबलात लाकूड भरतं साधारण ०.८ घनफूट, पण कापणी, गाठी, रंधा यात जातं ते धरून १.३ घनफूट लागतं. भाव ३,५०० धरला तर ४,५५०. पॉलिश, बोल्ट, पॉलिशपेपर ९००. मजुरी २२ तास, २५० रुपयांनी ५,५००, यात तुमचे स्वतःचे तासही धरायचे. वर्कशॉपचं भाडं, वीज, धार लावणं याचे १,०००. झाले ११,९५०. आता स्टॉलचं भाडं २४,०००, टेम्पो जाऊन-येऊन ५,०००, हमाली २,०००, जेवणखाण आणि छपाई ३,०००, म्हणजे ३४,०००. या प्रदर्शनातून मोठ्या २० वस्तू जातील, तिथे आणि नंतर मिळून, असं धरलं तर वस्तूमागे १,७००. बेरीज १३,६५०, त्यावर २० टक्के नफा २,७३०, एकूण १६,३८०. टॅक्स असेल तर वर वेगळा.

हा आकडा बघून पोटात गोळा येतो, शेजारच्या मॉलमध्ये असंच दिसणारं टेबल नऊ हजारांना असतं. तिथे घाबरून किंमत पाडू नका. ते पार्टिकल बोर्डवर लाकडाचा कागद चिकटवलेलं असतं आणि हे ग्राहकाला दाखवता आलं पाहिजे. मी एक युक्ती करते: टेबलाचा एक कापलेला जोड, म्हणजे पायात बसणारं कुसू आणि त्याचं भोक असा उघडा नमुना टेबलावरच ठेवते. काढून बघा म्हणते. माणूस ते कुसू हाताने आत सरकवतो, घट्ट बसतं, परत काढतो, परत बसवतो. मग त्याला किंमतीचं फार सांगावं लागत नाही.

घासाघीस होतेच, आपल्याकडे होणारच. माझा नियम असा की एका वस्तूवर किंमत कमी करत नाही, दोन घेतल्या तर डिलिव्हरी फ्री. आणि जी किंमत सकाळी सांगितली तीच शेवटच्या दिवशी संध्याकाळी. लोक परत येऊन विचारतात, मुद्दाम.

टेम्पो आणि मांडणी

छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट बाय पावणेपाच फूट असतो, त्यात काय मावतं ते आधी वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने चौकोन काढून रचून बघा. जुन्या गोधड्या हे सगळ्यात उत्तम पॅकिंग, बबल रॅप उन्हात पॉलिशला चिकटतो आणि गोल गोल डाग पडतात. दोरी थेट कडेवर आवळू नका, मध्ये पुठ्ठा घाला. हमालांशी पैसे आधी ठरवा, चढवायचे आणि उतरवायचे वेगळे, आणि प्रदर्शनाच्या शेवटच्या रात्रीचेही तेव्हाच ठरवून ठेवा कारण त्या वेळी सगळेच हमाल शोधत असतात.

बरोबर एक पेटी ठेवा: पाना, स्क्रू ड्रायव्हर, रबरी हातोडा, २४० आणि ४०० नंबरचा पॉलिशपेपर, मेण, सुती फडकी, पायाखाली घालायला पातळ पट्ट्या, एक्स्टेंशन बोर्ड, टेप, मीटर टेप, दोरी, बँडएड. पायाखालच्या पट्ट्या विशेष महत्त्वाच्या. मैदानावरची प्लायची फ्लोअर कधीच सपाट नसते, आणि डुगडुगणारं टेबल पाहून कोणी फ्लोअरला दोष देत नाही.

मांडणीत पुढचा भाग मोकळा. बरेच जण पुढे टेबल लावून त्याच्यामागे दुकानदारासारखे बसतात, आपल्याकडे माणूस आत आला पाहिजे. मागच्या भिंतीला खिळे मारू देत नाहीत म्हणून उभं शेल्फच पाठीला लावा, त्यावर लहान वस्तू. लाइट पिवळसर, ३००० केल्विनचे एलईडी स्वतःचे न्या, पांढऱ्या ट्यूबमध्ये सागवान राखाडी आणि मेल्यासारखं दिसतं. दर दोन तासांनी फडकं मारा. एसी हॉलमध्ये कार्पेटचा धुरळा किती बसतो ते काळ्या पॉलिशवर बघा म्हणजे कळेल.

प्रत्येक वस्तूवर मराठीत छोटं कार्ड: लाकूड कुठलं, माप, किंमत, किती दिवसांत करून मिळेल. किंमत लिहिलेली असलीच पाहिजे, विचारायला संकोच वाटून निघून जाणारी माणसं फार असतात. आंब्याचं लाकूड असेल तर आंबाच लिहा, त्यात लाज कसली. सागवान असेल तर कुठलं ते लिहा, बल्लारशाचं, दांडेलीचं की आयात केलेलं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना बल्लारशाचं सागवान गेलं तेव्हापासून लोक स्वतःहून विचारतात, आणि जे नाही ते आहे म्हणून सांगितलं तर गर्दीत एखादा जुना लाकूडवाला उभा असतोच.

स्टॉलवर बोलताना

लगेच माहिती सांगायला सुरुवात करू नका. माणूस हात फिरवतोय, खाली वाकून बघतोय, बघू द्या. जो टेबलाखाली वाकून बघतो तो खरा गिऱ्हाईक, त्यामुळे खालची बाजूही घासलेली पाहिजे, तिथे बोटाला लाकडाचं कुसळ लागलं तर वरचं सगळं पॉलिश वाया. थोड्या वेळाने एकच विचारायचं, "घरात कुठे ठेवायचं डोक्यात आहे?" यावर लोक जे सांगतात ते लिहून घ्यायचं.

मला अजूनही विचारतात, "मिस्त्री कुठे आहेत, त्यांच्याशी बोलायचंय." मी हात पुढे करून दाखवते, पटाशीचे व्रण आहेत. मग बोलणं नीट होतं. बायकांनो, या कामात असाल तर स्टॉलवर एक रंधा आणि थोडं लाकूड ठेवा आणि गर्दी नसेल तेव्हा रंधा मारत बसा. लांब सलग ढलपी निघायला लागली की लहान मुलं पळत येतात, त्यांच्या मागून आया येतात. मुलांना ती ढलपी द्या, नाकाला लावून वास घेतात.

परदेशी राहणारे नातेवाईक बरोबर असतील आणि शिसवीची मोठी वस्तू न्यायची म्हणत असतील तर आधीच सांगा की शिसम-शिसवीच्या सगळ्या जाती २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आहेत, पाठवायला कागद लागतात. सागवान, आंब्याला ते नाही.

यूपीआयचा क्यूआर दोन ठिकाणी लावा आणि तळघरातला हॉल असेल तर रेंज कुठे येते ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा. मोठ्या रकमेला काही लोकांचं दिवसाचं लिमिट संपलेलं असतं, कार्डाचं मशीन नसेल तर बँकेचे डिटेल्स छापून ठेवा.

ऑर्डर घेणं

डुप्लिकेट बुक घ्या, कार्बन घालून. एक प्रत ग्राहकाला, एक तुम्हाला. त्यात वस्तू, लांबी-रुंदी-उंची इंचात, लाकूड, पॉलिशची शेड, एकूण रक्कम, आलेला अॅडव्हान्स, तारीख, पत्ता, कितवा मजला, लिफ्ट आहे का. शेडसाठी त्याच लाकडाचे हाताएवढे तुकडे पॉलिश करून मागे नंबर टाकून न्या, मोबाइलवर फोटो दाखवून शेड ठरवली की भांडण ठरलेलं. अॅडव्हान्स ५० टक्के. कमी घेऊ नका, लाकूड त्यातच येतं. दिवस सांगताना जेवढे वाटतात त्यात पंधरा मिळवून सांगा, आणि दिवाळीआधीची तारीख दिली तर ती पाळाच, लोकांनी त्या टेबलावर फराळ मांडायचं ठरवलेलं असतं.

एकाच प्रदर्शनात किती ऑर्डरी घ्यायच्या हे जाण्याआधी ठरवा. आमच्या तीन माणसांच्या हातून महिन्याला मोठ्या सात-आठ वस्तू निघतात. त्यापुढे मी सरळ सांगते की आता जानेवारी. काही जण थांबतात, काही नाही.

ज्यांनी ऑर्डर दिली नाही पण बराच वेळ थांबले त्यांचं नाव, नंबर आणि काय बघितलं ते वहीत. तीन-चार दिवसांत त्यांना त्याच वस्तूचा फोटो आणि मापं पाठवायची, सगळ्यांना एकच मेसेज नाही. "काकू, तुम्ही खिडकीखाली ठेवायला बेंच म्हणाला होतात, साडेचार फुटात असा होईल," असं. एकदाच पाठवायचं. पुन्हा पुन्हा विचारलेलं कोणालाच आवडत नाही.

एका प्रदर्शनात एक आजी येऊन माझ्या आरामखुर्चीत बसल्या. नातू फोटो काढत होता. त्या काही बोलल्या नाहीत पण मला दिसलं की त्यांच्या टाचा जमिनीपासून दोन बोटं वर आहेत आणि मांडीखाली कड रुततेय. मी खाली बसून टाचेखालचं अंतर टेपने मोजलं आणि वहीत लिहिलं, आजी, निळं नऊवारी, टाच सव्वा इंच, नातवाचा नंबर. त्यांनी ऑर्डर दिली नाही. चार दिवसांनी नातवाला मेसेज केला, आजींसाठी खुर्ची सोळा इंचांवर आणावी लागेल, हातही तेवढेच खाली घेऊ. उत्तर आलं नाही. चार महिन्यांनी, फेब्रुवारीत, त्याचा फोन आला की तुम्ही ते माप लिहून ठेवलं होतं ना, ते अजून आहे का.

वही होती. तरी मी त्यांच्या घरी जाऊन पुन्हा मोजलं, कारण प्रदर्शनात त्यांच्या पायात चपला होत्या.